संवाद गेले कुठे? सहा चॅनलचा आवाज आणि घरचे दोन स्पीकर

घरच्या संगणकावर सिनेमा बघताना आवाजाच्या काय अडचणी येतात ते कळवा, असं मागच्या अंकात म्हटलं होतं. आलेल्या पत्रांपैकी बहुतेकांचं दुखणं एकच आहे: बोलणं ऐकू येत नाही आणि बाकी सगळं कानठळ्या बसवतं. माझी बरीच वर्षं गोरेगावच्या मिक्सिंग स्टुडिओत गेली. संवाद स्पष्ट राहावा म्हणून तिथे एकेका वाक्यावर जीव ओतला जातो. तोच संवाद घरी पोचेपर्यंत हरवतो, याचं मला मनापासून वाईट वाटतं. म्हणून या वेळची सगळी जागा याच विषयाला दिली आहे.

प्रश्न: ताई, मी चिपळूणला शाळेत शिक्षिका आहे. नवा संगणक घेतला, त्याला जुनेच दोन स्पीकर जोडलेत. गाणी उत्तम वाजतात. पण डीव्हीडीवरचा सिनेमा लावला की माणसं विहिरीत उतरून बोलतायत असं वाटतं. पाऊस, गाड्या, पार्श्वसंगीत मात्र खणखणीत. सासूबाई म्हणतात, स्पीकर गेले. नवे घेऊ का?

उत्तर: नवे घेऊ नका. गाणी नीट वाजतात, म्हणजे स्पीकर धड आहेत.

गाण्याच्या फाइलमध्ये दोनच चॅनल असतात, डावा आणि उजवा. डीव्हीडीवरच्या सिनेमाचा आवाज बहुधा ५.१ असतो. समोर डावा, समोर उजवा, दोघांच्या मध्ये एक, मागे दोन, हे झाले पाच. तो उरलेला १ म्हणजे खर्जाच्या दणक्यांसाठीचा वेगळा चॅनल. त्यात साधारण १२० हर्ट्झपर्यंतचाच आवाज असतो. थिएटरात मधला स्पीकर पडद्यामागे असतो आणि आवाज आरपार यावा म्हणून पडद्याला बारीक भोकं पाडलेली असतात. अगदी कडेच्या खुर्चीत बसलेल्यालाही बोलणं पडद्यावरच्या माणसाकडूनच आल्यासारखं वाटावं, यासाठी संवाद जवळजवळ सगळा त्या मधल्या चॅनलमध्ये ठेवतात. तुमच्या घरी तो स्पीकर नाही. त्यामुळे मधल्या चॅनलचा आवाज कोणीतरी डाव्या-उजव्यात वाटून द्यायला हवा. सहा चॅनलचे दोन करण्याच्या या कामाला आम्ही डाउनमिक्स म्हणतो.

तुमच्या संगणकावर हे काम होतच नसणार. लक्षण तुम्ही फार नेमकं लिहिलंय. मधला चॅनल पूर्ण गळाला तरी संवादाचा घुमारा, म्हणजे ज्या खोलीत प्रसंग घडतो तिथला प्रतिध्वनी, डाव्या-उजव्या चॅनलमध्ये थोडा मिसळलेला असतो. मूळ बोलणं नाहीसं होतं आणि तेवढा घुमारा कानावर येतो.

नव्या संगणकात असं का व्हावं? संगणकाच्या मागे रंगीत जॅक बघा. हिरवा समोरच्या दोन स्पीकरचा, नारिंगी मधल्या आणि खर्जाच्या चॅनलचा, काळा मागच्या दोघांचा. विंडोज किंवा साउंड कार्डाचं सॉफ्टवेअर ५.१ वर ठेवलेलं असलं, तर संगणक समजतो की सहाही स्पीकर जोडलेले आहेत. मग मिसळायचं काही कारणच उरत नाही. तो प्रामाणिकपणे प्रत्येक चॅनल ज्याच्या त्याच्या जॅकवर पाठवतो. तुमची पिन हिरव्या जॅकमध्ये आहे आणि संवाद शेजारच्या रिकाम्या नारिंगी जॅकपाशी जाऊन थांबलाय. गाण्यांना डावा आणि उजवा एवढेच चॅनल, म्हणून ती बिनबोभाट वाजतात.

उपाय मिनिटाभराचा आहे. खाली उजव्या कोपऱ्यातल्या स्पीकरच्या चिन्हावर उजवं क्लिक करून साउंड सेटिंग्ज उघडा. तिथून 'मोअर साउंड सेटिंग्ज' (जुन्या विंडोजमध्ये 'साउंड कंट्रोल पॅनल') मध्ये जा. 'प्लेबॅक' या पानावर तुमचा स्पीकर निवडून 'कॉन्फिगर' दाबा आणि यादीतून 'स्टिरिओ' घ्या. साउंड कार्डाच्या कंपनीचं वेगळं पॅनल असेल तर तिथेही स्टिरिओ आहे ना ते बघा, कारण काही संगणकांवर ते पॅनल विंडोजचं ठरवलेलं बदलून टाकतं. मग प्लेअर बंद करून परत उघडा. व्हीएलसी वापरत असाल तर चालू सिनेमात 'ऑडिओ' मेनूत 'स्टिरिओ मोड' आहे, तिथेही 'स्टिरिओ'च असू द्या.

एवढ्याने बोलणं परत येईल. पण ते भरपूर मोठं होईल असं मात्र नाही, आणि सासूबाईंसाठी तोच भाग महत्त्वाचा आहे. थिएटरात समोरचा प्रत्येक चॅनल ८५ डेसिबल या ठरलेल्या पातळीला जुळवलेला असतो आणि आमचं मिक्सिंगही तशाच खोलीत बसून होतं. तिथे कुजबूजही शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. घरी आपण त्याहून कितीतरी कमी आवाजात ऐकतो, डोक्यावर पंखा फिरत असतो, स्वयंपाकघरात भांड्यांचा आवाज असतो. मोठे आवाज त्यातूनही टिकतात, कुजबूज बुडते.

त्यासाठी व्हीएलसीत 'टूल्स', मग 'इफेक्ट्स अँड फिल्टर्स' उघडा. तिथे 'कंप्रेसर' आहे, तो सुरू करा. थ्रेशोल्ड उणे २० डेसिबलच्या आसपास, रेशो ४, मेकअप गेन ६ ते ८. याने मोठे आवाज दाबले जातात आणि मग सगळंच थोडं वर उचललं जातं. काही साउंड कार्डांच्या 'एन्हान्समेंट्स' पानावर 'लाउडनेस इक्वलायझेशन' असतं, तेही असंच काम करतं. पण ते सिनेमा संपला की बंद करा, कारण ते गाण्यांनाही लागू होतं आणि मींड, आलाप, ठुमरीतला हळुवारपणा सगळं एका उंचीवर आणून ठेवतं. मला ते फार खटकतं.

आणखी एक, यात पैसा लागत नाही. स्पीकर मॉनिटरच्या मागे ढकललेले असतील तर पुढे काढा. तोंडं तुमच्या कानांकडे वळवा. दोन स्पीकरमधलं अंतर आणि प्रत्येक स्पीकरपासून तुमच्यापर्यंतचं अंतर साधारण सारखं ठेवा. बोलणं कळतं ते मुख्यतः व्यंजनांवरून, आणि स, श, च, त, क यांची धार उंच कंपनांत असते. ती कंपनं सरळ रेषेत जातात, मॉनिटरच्या पाठीवर आपटून तिथेच संपतात. सासूबाईंची खुर्ची बरोबर मध्ये असू द्या.

प्रश्न: मी नागपूरला अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सहा चॅनलचे दोन करायचे तर सरळ बेरीज का करत नाहीत? सगळीकडे ०.७०७ हा आकडा दिसतो, तो कुठून येतो? आणि डाउनमिक्स केल्यावर सिनेमाचा आवाज एकूणच बारीक का होतो?

उत्तर: तुझे तिन्ही प्रश्न एकमेकांत गुंतलेले आहेत, म्हणून एकत्रच घेते.

समज, मधल्या चॅनलचा आवाज तू डाव्या आणि उजव्या स्पीकरमधून, दोन्हीकडे पूर्ण पातळीने सोडलास. खोलीत दोघांची शक्ती एकत्र येते, म्हणजे मूळच्या दुप्पट. ती पूर्वीइतकीच राहायला हवी असेल तर प्रत्येक स्पीकरला अर्धी शक्ती द्यायला हवी. शक्ती आयामाच्या वर्गाच्या प्रमाणात असते, म्हणून आयामाला दोनच्या वर्गमुळाने भागायचं. १ भागिले १.४१४ म्हणजे ०.७०७. डेसिबलमध्ये तेच उणे ३. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची बीएस.७७५ ही शिफारस १९९२ पासून आहे आणि आजही बहुतेक सॉफ्टवेअर तिचंच सूत्र घेतं: डावीकडे समोरचा डावा पूर्ण, अधिक ०.७०७ मधला, अधिक ०.७०७ मागचा डावा. उजवीकडेही तसंच. मागच्या चॅनलचा ०.७०७ मात्र वर्गमुळाच्या हिशोबातून येत नाही, कारण ते दोन ठिकाणी वाटले जात नाहीत. त्यांनी समोरच्यांवर कुरघोडी करू नये, म्हणून ते उतरवलेले आहेत.

आता बेरीज बघ. तिन्ही चॅनल एकाच क्षणी टोकाला गेले, तर १ अधिक ०.७०७ अधिक ०.७०७, म्हणजे २.४१४. साउंड कार्डाची मर्यादा १. स्फोट, वादळ, गर्दी, मागे मोठा वाद्यवृंद, अशा जागी ती ओलांडली जाते आणि आवाज फुटतो. प्लेअरच्या आत आकडे १ च्या वर गेले तरी बिघडत नाही. फुटतं ते शेवटी, कार्डाच्या हाती देताना. यावर खात्रीचा इलाज म्हणजे सगळ्यालाच २.४१४ ने भागायचं. मग काहीच फुटत नाही, पण सगळं मिळून सुमारे ७.७ डेसिबलने खाली येतं. तुला जाणवणारा बारीक आवाज तो हाच.

काही प्लेअर भागतात, काही भागत नाहीत, काही तुलाच विचारतात. कोडीमध्ये 'मेंटेन ओरिजिनल व्हॉल्यूम ऑन डाउनमिक्स' अशी सोय आहे. एमपीव्हीमध्ये डाउनमिक्स नॉर्मलाइझ करायचं का, म्हणजे असं भागायचं का, ते ठरवता येतं. एमपीसी-एचसी या प्लेअरच्या आत आवाज उलगडणारा लाव्ह ऑडिओ नावाचा भाग असतो, त्यात 'मिक्सिंग' पानावर 'नॉर्मलाइझ मॅट्रिक्स' आहे. माझं मत स्पष्ट आहे: भागू द्यावं आणि स्पीकरचं बटण वर फिरवावं. बारीक आवाज मोठा करता येतो, फुटलेला आवाज परत सांधता येत नाही.

पण त्याच 'मिक्सिंग' पानावर खरी किल्ली आहे. तिथे मधला, मागचे आणि खर्ज यांच्या पातळ्या वेगवेगळ्या ठरवता येतात. सुरुवातीला पहिल्या दोन ०.७१ वर आणि खर्ज शून्यावर असतो. मधला १ कर, मागचे ०.५ कर. बेरीज २.५, म्हणजे एकूण आवाजात नाव घेण्यासारखा फरक नाही. पण समोरच्या संगीताच्या तुलनेत संवाद ३ डेसिबल वर येतो आणि मागच्या गलक्याच्या तुलनेत ६. दोन्ही पद्धतींनी एकच प्रसंग ऐकून बघ, शक्यतो रस्त्यावरचं किंवा पावसातलं बोलणं.

समोरचे चॅनलही खाली आणायचे असतील तर एफएफएमपेग या आज्ञा लिहून चालवायच्या प्रोग्राममधला 'पॅन' फिल्टर घे. त्यात प्रत्येक आकडा तुझ्या हाती असतो. मधला १, समोरचे ०.५, मागचे ०.३५ धर. बेरीज १.८५, आणि सगळ्यांना तिने भाग. संवाद आता समोरच्या आवाजापेक्षा ६ डेसिबल वर बसतो. ठरलेल्या सूत्रात तो ३ डेसिबल खाली होता. रात्री कमी आवाजात बघायला हे उत्तम. दिवसा मात्र मला हे कोरडं वाटतं, प्रसंगाभोवतीची हवा निघून जाते.

खर्जाचा चॅनल शून्य का, असंही मनात आलं असेल. थिएटरात तो चॅनल बाकीच्यांपेक्षा १० डेसिबल जास्त जोराने वाजवतात. ती ताकद चार इंची स्पीकरवर टाकली तर त्याचा पडदा थरथरतो आणि त्याच पडद्यातून येणारं बोलणंही गढूळ होतं. आम्ही मिक्स करताना आवश्यक तो खर्ज मुख्य चॅनलमध्ये ठेवतोच; वेगळा चॅनल वरच्या धक्क्यासाठी असतो. तो शून्यावर गेल्याने गोष्ट कळायला काही कमी पडत नाही.

जाता जाता एक सांगते, कारण हे स्टुडिओबाहेर फारसं कोणी सांगत नाही. डॉल्बी डिजिटल ही ५.१ आवाज बांधून पाठवण्याची एक पद्धत. तिच्या प्रवाहात आवाजाबरोबर मिक्स करणाऱ्याच्या सूचनाही जातात: डाउनमिक्समध्ये मधला चॅनल उणे ३, उणे ४.५ की उणे ६ डेसिबलने घ्यायचा, मागचे उणे ३, उणे ६ की अजिबात नाही. मी मधला नेहमी उणे ३ वर ठेवायचे आणि शेवटी संपूर्ण मिक्स दोन लहान स्पीकरवर ऐकून मगच पुढे पाठवायचे. घरी बहुतेक माणसं तसंच ऐकणार, हे डोळ्यांपुढे असायचं.

प्रश्न: डोंबिवलीहून लिहिते आहे. संगणक एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडलाय. काही सिनेमे नीट, काहींना आवाजच नाही. चित्र दिसतं, पण आवाज शून्य. संगणकाला हेडफोन लावला की तोच सिनेमा बोलतो.

उत्तर: तुमचा प्लेअर आवाज स्वतः उलगडत नाही, आहे तसा बांधलेला गठ्ठा टीव्हीकडे पाठवतोय. याला पासथ्रू म्हणतात. घरी एव्ही रिसीव्हर, म्हणजे असा गठ्ठा उलगडून स्पीकरना देणारा ॲम्प्लिफायर असेल तर ते चांगलंच, पण टीव्हीला तो प्रकार कळला नाही तर तो गप्प बसतो. डॉल्बी डिजिटल बहुतेक टीव्हींना कळतं, डीटीएस ही तशीच दुसरी पद्धत अनेकांना कळत नाही. तुमचे गप्प सिनेमे डीटीएसचे असणार.

व्हीएलसीच्या 'प्रेफरन्सेस'मध्ये 'ऑडिओ' पानावर 'एचडीएमआय / एसपीडीआयएफ ऑडिओ पासथ्रू' आहे, ते 'डिसेबल्ड' करा. दुसऱ्या प्लेअरमध्ये 'बिटस्ट्रीमिंग' किंवा 'पासथ्रू' नावाने काही दिसेल, तेही बंद करा. मग चिपळूणच्या उत्तरात लिहिलंय तसं विंडोजमध्ये टीव्हीचं नाव निवडून त्यालाही 'स्टिरिओ' करा. सहाचे दोन करण्याचं काम संगणकाकडेच ठेवा. टीव्हीवर ते सोपवलं तर कोणत्या पातळ्यांनी होतंय ते तुम्हाला दिसत नाही आणि बदलताही येत नाही.

प्रश्न: लातूरहून. माझ्याकडे २.१ चा सेट आहे, दोन लहान स्पीकर आणि खाली एक मोठा डबा. मग खर्जाचा चॅनल त्या डब्याकडे वळवायला नको का?

उत्तर: नको. तुमच्या सेटला संगणकातून एकच पिन येते, म्हणजे दोनच चॅनल. त्या दोघांतला खर्ज गाळून डब्याकडे पाठवण्याचं काम सेटच्या आतली सर्किट करते. संगणकाला 'स्टिरिओ'च सांगा. धडाम आवाजात जरा जास्त जोर हवासा वाटला तर वर नागपूरच्या उत्तरात सांगितलेल्या लाव्ह ऑडिओत खर्जाची पातळी ०.३ पर्यंत चढवून बघा, पण खालच्या मजल्यावर कोण राहतं तेही ध्यानात ठेवा.

प्रश्न: मी साताऱ्याचा, वय ७१. जुन्या कृष्णधवल मराठी चित्रपटांचा संग्रह करतो. एका चित्रपटाची पूर्वीची प्रत साधी होती, नंतर आलेल्या नव्या तबकडीवर '५.१' छापलंय. संगणकावर नवी प्रत लावली की गाणी घुमतात, बोलणं धूसर वाटतं. जुनी प्रत स्पष्ट आहे. माझ्या कानांचा दोष समजावा का?

उत्तर: मुळीच नाही, काका. तुमचे कान बरोबर सांगतायत.

त्या काळचे हे चित्रपट मोनो ध्वनिमुद्रणाचे. बोलणं, गाणं, वाद्यं, सगळं एकाच पट्टीवर. त्यातून पुढे ५.१ करायचं म्हणजे मुळात नसलेली दिशा तयार करायची. सोपा आणि स्वस्त मार्ग असा की तोच आवाज थोडा उशिरा, थोडा प्रतिध्वनी मिसळून मागच्या चॅनलमध्ये टाकायचा. सहा स्पीकर असलेल्या खोलीत त्याचा भरीवपणा वाटू शकतो. पण दोन स्पीकरसाठी डाउनमिक्स झालं की मूळ आवाज आणि त्याची काही मिलिसेकंदांनी मागे पडलेली नक्कल एकाच तारेत एकमेकांवर येतात. काही कंपनं एकमेकांना खोडतात, काही दुणावतात. व्यंजनं बोथट होतात, गायिकेचा आवाज पत्र्याच्या नळातून आल्यासारखा होतो.

आधी तबकडीच्या मेनूत किंवा प्लेअरच्या 'ऑडिओ ट्रॅक' यादीत दुसरा ट्रॅक आहे का बघा. मोनो किंवा २.० असा असेल तर डोळे मिटून तो घ्या. नसेल तर एमपीसी-एचसी प्लेअरच्या लाव्ह ऑडिओमध्ये (वर नागपूरच्या उत्तरात सांगितलेलं 'मिक्सिंग' पान) मागच्या चॅनलची पातळी थेट शून्य करा. नकली प्रतिध्वनीचा बराचसा भाग तिथेच असतो, तो गेला की मूळचं ध्वनिमुद्रण वर येईल. समोरच्या डाव्या-उजव्यातही त्यांनी काही मिसळलं असेल, तर ते काढता येत नाही. अशा वेळी तुमची जुनी प्रत हीच चांगली प्रत. ती कृपा करून देऊन टाकू नका. एका मायक्रोफोनभोवती उभं राहून, कोण किती जवळ, कोण किती लांब हे ठरवून त्या लोकांनी जो तोल साधला होता, तो तिच्यात शाबूत आहे.

प्रश्न: पुण्याहून. वडिलांना उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. ते संगणकावर हेडफोन लावून सिनेमे आणि नाटकं बघतात. अधूनमधून म्हणतात, अमका बोलला ते कळलंच नाही. त्यांच्यासाठी काय करता येईल?

उत्तर: उजव्या बाजूला ठेवलेला प्रत्येक आवाज त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. सिनेमात संवाद बहुधा मध्ये असतो, म्हणून निभावतं. पण चित्रित केलेल्या नाटकांत रंगमंचाच्या उजव्या बाजूचं पात्र उजव्या चॅनलमध्ये जास्त असतं. त्यांना न कळलेलं वाक्य त्या बाजूचंच असणार.

त्यांच्यासाठी दोन चॅनलवर न थांबता एकच चॅनल करा. विंडोज ११ मध्ये 'सेटिंग्ज', 'ॲक्सेसिबिलिटी', 'ऑडिओ' आणि तिथे 'मोनो ऑडिओ' सुरू करा. विंडोज १० मध्ये 'ॲक्सेसिबिलिटी'च्या जागी 'ईझ ऑफ ॲक्सेस' असतं. आता डावं-उजवं एकत्र होऊन दोन्ही कानांत तेच वाजेल. हे त्या खात्यातल्या सगळ्याच आवाजांना लागू होतं, म्हणून त्यांचं वेगळं खातं करून दिलंत तर सोयीचं जाईल.

हेडफोनवरच्या आभासी सराउंडच्या सोयी, विंडोज सोनिक आणि तसल्या, त्यांच्यासाठी बंद ठेवा. दोन्ही कानांना पोचणाऱ्या आवाजांतल्या बारीक फरकातून त्या दिशेचा भास घडवतात. दोन्ही कान चांगले असलेल्या माणसाला त्या आवडू शकतात. तुमच्या वडिलांना त्यातून फक्त गढूळपणा मिळेल.

आणि संवादाची पातळी वाढवायला विसरू नका, वर नागपूरच्या मुलाला दिलेले आकडे त्यांच्यासाठीही उपयोगी आहेत. डाव्या कानाची तपासणी बरेच दिवसांत झाली नसेल तर ऑडिओलॉजिस्टकडे घेऊन जा. एकाच कानावर सगळा भार असताना हेडफोनचा आवाज वाढवत नेणं धोक्याचं आहे. संवाद वर काढून एकूण आवाज खाली ठेवता आला, तर तो कान जपला जाईल.

प्रश्न: न्यू जर्सीहून. आम्ही लॅपटॉपवर मराठी सिनेमे बघतो. आवाजाच्या यादीत कधी कधी एकाच भाषेचे दोन ट्रॅक असतात, एकापुढे ५.१ लिहिलेलं. लॅपटॉपला आपले आतलेच स्पीकर. कोणता घ्यावा?

उत्तर: ५.१ न लिहिलेला. तो बहुधा दोनच चॅनलचा असतो. स्टुडिओत स्टिरिओ प्रत तपासली जाते आणि जिथे बोलणं दबतं तिथे संगीत हाताने खाली घेतलं जातं. सूत्र प्रत्येक प्रसंगाला तेच आकडे लावतं. लॅपटॉपचे स्पीकर पोटाखाली असतील तर तो गादीवर ठेवू नका, टेबलावर ठेवा.

प्रश्न: रत्नागिरीत आमचं गायनाचं मंडळ आहे. आमच्याच कार्यक्रमाचं चित्रीकरण झालं, त्याची फाइल ५.१ मध्ये मिळाली आहे. वर्धापनदिनाला ती सभागृहात दाखवायची आहे, तिथे दोन मोठे स्पीकर आहेत. आम्हाला स्वतः बसून त्याचं नीट स्टिरिओ करायचंय. ऑडॅसिटी थोडंफार येतं.

उत्तर: फार छान, हे हातानेच करा. ऑडॅसिटीला एफएफएमपेगची लायब्ररी जोडा, म्हणजे चित्रफितीतला आवाज सहा वेगळ्या ट्रॅकमध्ये उघडेल. आता घाई न करता प्रत्येक ट्रॅक एकटा ऐका. चॅनलचा क्रम सगळीकडे एक नसतो. वेव्ह फाइलमध्ये डावा, उजवा, मधला, खर्ज, मग मागचे दोन असा असतो. सिनेमाच्या स्टुडिओत डावा, मधला, उजवा, मागचे दोन आणि शेवटी खर्ज. कोणी मध्येच चुकीच्या क्रमाने फाइल बनवली असेल तर गायिका मागच्या चॅनलमध्ये जाऊन बसलेली सापडते. खर्जाचा ट्रॅक लगेच ओळखू येतो, त्यात नुसती घरघर असते. मधल्यात बहुधा गायन आणि निवेदन, मागच्यांत टाळ्या आणि सभागृहाचा घुमारा.

ट्रॅकना नावं द्या. समोरचा डावा पूर्ण डावीकडे, उजवा पूर्ण उजवीकडे, मागचे आपापल्या बाजूंना. मधला मध्येच. ऑडॅसिटीत मध्ये ठेवलेला ट्रॅक दोन्हीकडे पूर्ण पातळीने जातो, म्हणून सूत्राप्रमाणे तो ३ डेसिबलने खाली घ्यायला हवा. गायनाच्या कार्यक्रमात मी त्याला १ किंवा २ डेसिबलनेच खाली घेईन. मागचे ट्रॅक गाणं चालू असताना ९ ते १० डेसिबलने खाली ठेवा आणि टाळ्यांच्या वेळी एन्व्हलप टूलने वर आणा. तुम्ही ज्या सभागृहात दाखवणार त्याचा स्वतःचा घुमारा असेलच. त्यात मूळ सभागृहाचा घुमारा भरीला घातला तर तानेतले स्वर एकमेकांत मिसळतील. खर्जाचा ट्रॅक म्यूट करा. तबल्याचा डग्गा समोरच्या ट्रॅकमध्ये आहे का ते मात्र तेव्हाच ऐकून बघा. क्वचित कोणीतरी तो नुसता खर्जाच्या चॅनलमध्ये टाकून दिलेला असतो, मग तेवढा ट्रॅक थोडा उघडावा लागेल.

एक्सपोर्ट करण्यापूर्वी एकूण आवाजाचं टोक उणे १ डेसिबलच्या खाली राहतंय ना ते मीटरवर बघा. राहत नसेल तर सगळे ट्रॅक सारख्याच मापाने उतरवा.

तयार झालेली फाइल एकदा मोनो करून ऐका. अनेक सभागृहांत दोन स्पीकर दिसतात, पण आत मिक्सर दोन्हींना एकच आवाज देतो. डाव्या-उजव्यात उलट फेजमध्ये पडलेला, म्हणजे एकीकडे लहर वर जाताना दुसरीकडे खाली जाणारा आवाज मोनोत नाहीसा होतो. टाळ्या थोड्या कमी झाल्या तर चालेल. तंबोरा किंवा संवादिनी विरळ झाली, तर मागचे ट्रॅक आणखी उतरवा, किंवा त्यातला एक 'इन्व्हर्ट' करून फरक पडतो का ते बघा. आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी सभागृहाच्या ध्वनिव्यवस्था बघणाऱ्या माणसाला गाठून त्याच्याच यंत्रणेवर पहिली दहा मिनिटं वाजवून घ्या. शेवटच्या रांगेत उभं राहून ऐका.